जुन्या सागवानाचा रंग उतरवताना

उघड्यावरचे लाकूड नुसत्या उन्हाने खराब होत नाही आणि नुसत्या पावसानेही नाही. ते खराब होते या दोहोंच्या पाळीमुळे. माळव्यात ही पाळी ठरलेली आहे. इंदूरजवळच्या महूला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि हवा इतकी कोरडी होते की दारांच्या फळ्या आकसून सांध्यांत फटी पडतात. जूनच्या मध्यानंतर वर्षभराचा बहुतेक पाऊस, सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास, साडेतीन महिन्यांत पडून जातो आणि तीच दारे फुगून चौकटीत अडकतात. फुगणे-आकसणे हा लाकडाचा स्वभाव आहे, तो कोणत्याही रंगाने बदलत नाही. वर चढवलेला थर मात्र एकदा वाळला की लाकडाबरोबर तितका हलत नाही. त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरते आणि थराखाली अडकून बसते. पुढच्या उन्हाळ्यात पोपडे निघतात.

रंग नसलेल्या लाकडाचे वेगळेच होते. लाकडात सेल्युलोजचे लांब तंतू असतात आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे लिग्निन असते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर उरतात ते सेल्युलोजचे मोकळे, पांढुरके तंतू. त्यांच्यावर हवेतली बुरशी बसली की लाकूड राखाडी दिसू लागते. हा राखाडी थर जेमतेम कागदाइतका जाड असतो. त्याच्याखालचे लाकूड मूळ रंगाचे आणि धडधाकट असते. थंड प्रदेशांतल्या मोजमापांनुसार, उघड्यावरचे पाइनसारखे मऊ लाकूड शंभर वर्षांत सहा मिलिमीटरच्या आसपास झिजते आणि कठीण लाकूड त्याच्या निम्म्याने. म्हणजे राखाडी पडलेली फळी ही कुजलेली फळी नव्हे. जुने लाकूड बघून ‘हे आता गेलं’ असा निकाल देणाऱ्यांनी आधी सुरीचे टोक त्यात खुपसून पाहावे.

महूला असे जुने लाकूड भरपूर आहे. होळकरांबरोबर जानेवारी १८१८ मध्ये झालेल्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी येथे छावणी वसवली, आणि छावणीबरोबर आले ते रुंद व्हरांड्यांचे, उतरत्या कौलारू छपरांचे बंगले. त्यांचे खांब, कठडे, जाफऱ्या आणि झिलमिलीच्या खिडक्या लाकडाच्या. लाकूड दुरून आणावे लागत नव्हते, कारण विंध्याच्या उतारावरची शुष्क पानझडी जंगले सागाचीच आहेत. या भागाला लाकडी बांधकामाची सवय छावणीच्याही आधीची. इंदूरच्या राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. १९८४ च्या आगीत आतला मोठा भाग गेला, पण दर्शनी बाजूचा लाकडी भाग माळव्याचे ऊन-पाऊस कित्येक पिढ्या सोसत राहिला. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी लाकडाचेही तसेच. तो वाडा १८०७ मध्ये बांधून झाला. या दोन्ही ठिकाणी लाकूड उभे आहे आणि पुढे आलेल्या छपराने थोडेफार झाकलेले आहे. उभ्या लाकडावरून पाणी ओघळून जाते.

आडव्या लाकडाचे नशीब असे नसते. व्हरांड्याची लाकडी पायरी, कठड्याचा वरचा दांडा, सज्ज्याच्या फळ्या आणि अलीकडे शेतघरांत, गच्च्यांवर, पर्यटक-निवासांत दिसू लागलेला डेक, म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर फटी सोडून बसवलेल्या फळ्यांची मोकळी बैठक, यांवर पाणी साचते, ऊन थेट डोक्यावरून पडते आणि वर माणसांची ये-जा. एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच डब्यातून रंगवलेला खांब दहा वर्षे टिकतो आणि त्याच्या पायाशी असलेली पायरी दोन पावसाळ्यांत सोलून निघते. जुन्या लाकडाचे काम काढताना हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. कठड्याला चालेल ते पायरीला चालेलच असे नाही.

काम सुरू होते ते आधी काय लावले आहे याच्या तपासापासून. लाकडावर लावायच्या गोष्टींचे दोन वर्ग आहेत. ऑइल पेंट, वॉर्निश, पॉलियुरेथेन आणि लाखेचे पॉलिश वरती थर धरतात. जवसाचे तेल, डेकसाठीची तयार तेले आणि पातळ रंगीत स्टेन लाकडात मुरतात. पहिल्या वर्गातले काही असेल तर ते पूर्ण उतरवल्याशिवाय तेल लावण्यात अर्थ नाही, कारण तेल आत जाणारच नाही. दुसऱ्या वर्गातले असेल तर पुष्कळदा नुसते घासून-धुऊन भागते. ओळख सोपी आहे. फळीवर पाण्याचे चार थेंब टाकायचे. काही मिनिटांत ते मुरले तर लाकूड उघडे आहे, गोळे होऊन बसले तर वर काहीतरी शाबूत आहे. मग एखाद्या कोपऱ्यात सुरीच्या पात्याने खरवडून पाहायचे. थर असेल तर त्याची साल निघते, तेल असेल तर नुसता भुसा पडतो. थर कशाचा हे कळायला स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी मिनिटभर दाबून धरायची. लाख असेल तर ती चिकट होते. थिनरने विरघळले तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर ऑइल पेंट किंवा पॉलियुरेथेन. लाखेचे पॉलिश बाहेरच्या लाकडावर सापडले तर ते कुणीतरी हौसेने केलेले आहे असे समजावे. घरातल्या कपाटाला लाखेइतके देखणे दुसरे काही नाही, पण पाणी लागले की ती पांढरी पडते.

जुन्या घरांत बहुतेक वेळा सापडतो तो ऑइल पेंट, आणि तोही एकावर एक चढवलेला. घर भाड्याचे किंवा सरकारी असले की आधीचा रंग न काढता नवा मारण्याची रीत सगळीकडेच आहे. हिरव्याखाली तपकिरी, तपकिरीखाली पांढरा, त्याखाली फिकट निळा असे थर खरवडताना एकामागून एक उघडे पडतात. जाफरीच्या चौकोनांचे कोपरे रंगाने भरून गोल झालेले असतात आणि झिलमिलीच्या पट्ट्या चिकटून बसल्यामुळे फिरत नाहीत. खालच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते. तेलरंग लवकर वाळावा, चांगला झाकला जावा आणि टिकावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा, विशेषतः काही दशकांपूर्वीचा रंग शिसेयुक्त आहे असे धरूनच चालावे. शिशाची धूळ श्वासावाटे आणि हातावाटे पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. ती थोडीही चालत नाही. म्हणून असा रंग कोरडा घासायचा नाही. पाणी शिंपडून ओला ठेवायचा आणि खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचे, पडलेले पोपडे गोळा करून पिशवीत बांधायचे, धूळ अडवणारा चांगला मास्क लावायचा, आणि काम चालू असेपर्यंत मुलांना व गरोदर बायकांना तिकडे फिरकू द्यायचे नाही. तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर फिरवणारे कारागीर जागोजाग दिसतात. शिशाच्या धुळीपुढे रुमालाचा काही उपयोग होत नाही.

डेक नवीन असेल तर वेगळ्या धोक्याकडे लक्ष द्यावे लागते. पाइनसारखे मऊ लाकूड वाळवी आणि कुजण्यापासून वाचावे म्हणून त्यात दाबाखाली औषध भरतात. यांतले सर्वांत गाजलेले मिश्रण, तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे, देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये शोधून काढले. पुढे ते जगभर वापरले गेले. विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, कुंपणे यांसाठी त्याने फार मोठी कामगिरी केली. मात्र त्यातल्या आर्सेनिकमुळेच अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरातून ते मागे घेण्यात आले. फिकट हिरवट छटा असलेली जुनी फळी याच औषधाची असू शकते. तिचा भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये आणि तिचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत मुळीच घालू नयेत. थंडीत लाकडाचा एखादा तुकडा शेकोटीत टाकणे महूत अगदी सहज होते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

रंगाला हात लावण्याआधी लाकडाची तपासणी करायची. फळ्यांची टोके, खिळ्यांच्या भोवतालची जागा, फळी आणि आधाराचा वासा जिथे टेकतात तो सांधा, या जागा पाणी धरून ठेवतात. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर लागतो. त्यापेक्षा कोरड्या लाकडात ती वाढत नाही. पोखरलेली जागा बोटाने ठोकल्यावर बद्द वाजते आणि सुरी लोण्यात गेल्यासारखी आत जाते. वाळवी बहुतेक वेळा खालून येते. आधाराच्या खांबावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वरच्या रंगाचा विचार सोडून आधी वाळवीचा बंदोबस्त करावा. कुजलेला तुकडा कापून काढून त्याजागी त्याच जातीच्या लाकडाचा जोड देतात. लांबी म्हणजे पुट्टी भरून कूज झाकणे हा प्रकार बाहेरच्या लाकडाला मारक आहे, कारण लांबीच्या कडेने पाणी शिरते आणि कूज आतल्या आत वाढते. लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडलेले असतात. ते कुजल्याचे नव्हे, लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनच्या संयोगाचे डाग आहेत. असे खिळे काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवले नाहीत तर पहिल्याच पावसात डाग पुन्हा येतात. वर आलेले खिळे निदान पंचने आत ठोकावेत. नाहीतर घासायच्या यंत्राचा पट्टा पहिल्याच फेरीत फाटतो.

थर उतरवण्याच्या तीन वाटा आहेत: धार, उष्णता आणि रसायन. कुणी कितीही सोपी वाट सांगितली तरी शेवटी तिन्ही थोड्याथोड्या वापराव्या लागतात.

सपाट फळीवरचा सुटत आलेला रंग लोखंडी खरवडणीने निघतो. पाते कानसेने वारंवार धारदार करावे लागते, आणि खरवडायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे ओढले तर कुसा उठतात आणि मग त्या अनवाणी पायात शिरतात. घट्ट बसलेल्या ऑइल पेंटला उष्णता चांगली लागू पडते. पूर्वीचे रंगारी यासाठी रॉकेलचा ब्लो लॅम्प वापरत. त्याच्या ज्योतीने रंग तर निघे, पण लाकूड जळे आणि कौलाखालच्या वाळलेल्या कचऱ्याला आग लागायची भीती राही. आता हीट गन मिळते. रंग फुगून बुडबुडे आले की खरवडणी खाली घालून तो उचलायचा, करपू द्यायचा नाही. तापमान सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास गेले की शिशाची वाफ होऊ लागते, म्हणून गन कमी तापमानावर ठेवायची आणि शिसेयुक्त रंगावर शक्यतो वापरायचीच नाही.

कोरीव कठडे, जाफऱ्या आणि झिलमिलीच्या पट्ट्या यांना खरवडणी पोचत नाही. तिथे रसायन लागते. बाजारातल्या पेंट रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलीन क्लोराइड असते. ते झपाट्याने काम करते, पण त्याची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेत या कारणाने घरगुती वापरासाठी त्याच्या विक्रीवर २०१९ मध्ये बंदी आली. ते वापरायचेच असेल तर उघड्यावर आणि या रसायनाला टिकतील असे हातमोजे घालून. साधे पातळ हातमोजे त्यात विरघळतात किंवा पाझरतात. रंगाऱ्यांचा जुना उपाय कॉस्टिक सोड्याचा. तेलरंगातल्या तेलाचा त्याने साबण होतो आणि रंग गळून पडतो. स्वस्त आणि खात्रीचा, पण सागाचा शत्रू. सोड्याच्या पाण्याने लाकूड काळवंडते, तंतू सुटून पृष्ठभाग लोकरीसारखा होतो, आणि सांध्यांत उरलेला सोडा पुढे महिनोन्महिने बाहेर झिरपत राहून नवे तेल खराब करतो. सोडा वापरला तर भरपूर पाण्याने धुऊन मग सौम्य आम्लाने तो मारावा लागतो. पुष्कळ ठिकाणी ही शेवटची पायरी गाळली जाते आणि मग ‘तेलच खराब होते’ असा आरोप दुकानदारावर येतो.

आम्ल म्हणून इथे ऑक्झॅलिक आम्ल विशेष उपयोगी पडते, कारण ते एकाच वेळी दोन कामे करते. उरलेला सोडा मारते आणि खिळ्यांचे व पावसाच्या पाण्याचे काळे डागही घालवते. त्याचे पाण्यातले द्रावण ब्रशने सारखे पसरायचे, वीस-पंचवीस मिनिटे ओले ठेवायचे आणि धुऊन टाकायचे. राखाडी पडलेला साग यानंतर पुन्हा मधाळ तपकिरी दिसू लागतो. हे आम्ल पोटात गेले तर विषारी आहे, आणि वाळल्यावर त्याचे स्फटिक धुळीत मिसळतात, म्हणून घासायच्या आधी ते पूर्ण धुवावे. डेकवर पूर्वी तेलच लावलेले असेल, रंगाचा थर नसेल, तर सोड्याऐवजी सोडियम परकार्बोनेटचा क्लीनर पुरतो. पाण्यात त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि तो मळ, बुरशी आणि शेवाळ सोडवतो. कडक नायलॉनचा ब्रश वापरावा. तारेचा ब्रश नको, त्याचे तुकडे लाकडात मोडून राहतात आणि पावसाळ्यात काळे ठिपके उमटतात. दाबाच्या पाण्याचे यंत्र घाईच्या कामाला मोहक वाटते, पण त्याचा झोत मऊ लाकूड खोदून काढतो आणि कठीण रेषा उंच ठेवतो. ते वापरलेच तर दाब कमी ठेवून, फवारा रुंद करून, अंतर राखून वापरावे.

यानंतर घासणे. आधी ६० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८०, आणि डेक किंवा पायरी असेल तर १०० नंबरवर थांबायचे. घरातल्या टेबलाची सवय असलेल्या सुताराला हे पटत नाही. त्याचा हात आपोआप २२० कडे जातो. पण फार गुळगुळीत पृष्ठभागावर तेल कमी मुरते, आणि ओल्या डेकवर पाय घसरतो तो वेगळाच. सागाचे लाकूड घासताना आणखी एक अडचण येते. त्यात सिलिका असते, त्यामुळे पेपर आणि रंध्याची धार लवकर मोडते, आणि नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे पेपर भुशाने भरून गुळगुळीत होतो. सागाचे टिकाऊपण या तेलकट द्रव्यांमुळेच आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली त्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका इंग्लंडातल्या हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. मात्र हाच गुण नव्या थराला चिकटू देत नाही. म्हणून घासून झाल्यावर, तेल लावण्याच्या अगदी आधी, थिनरने किंवा ॲसिटोनने ओली केलेली चिंधी एकदा फिरवतात. त्याने वर आलेले तेल काही काळापुरते निघते. चिंधी फिरवून दुसऱ्या दिवशी लावायला बसले तर ते पुन्हा वर आलेले असते.

या सगळ्यात वेळेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच रीतीरिवाजावर सोडला जातो. घराची रंगरंगोटी दिवाळीच्या आधी उरकायची, हा नियम महूच्या मराठी घरांतही पाळला जातो आणि शेजारच्या माळवी घरांतही. भिंतीला तो ठीक आहे. लाकडाला नाही. पाऊस सप्टेंबरअखेर सरतो, दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि साडेतीन महिने भिजलेली सागाची जाड फळी इतक्यात आतून वाळत नाही. वरून ती कोरडी वाटते, त्यामुळेच फसगत होते. आतला ओलावा पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय तिच्यावर काही लावू नये. ओलावा मोजायचे दोन टोचण्यांचे मीटर आता हार्डवेअरच्या दुकानांतही मिळते. मीटर नसेल तर एक सैल फळी किंवा कापलेला तुकडा वजनकाट्यावर ठेवून आठवड्या-आठवड्याने तोलावा. वजन घटायचे थांबले की लाकूड हवेच्या बरोबरीला आले. माळव्यात हे बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होते. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असते, म्हणून दहा वाजल्यानंतर काम सुरू करावे आणि दुपारी तीनच्या सुमारास थांबावे, म्हणजे रात्रीच्या दवाआधी तेल मुरते. एप्रिल-मेमध्ये उलट होते. तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आधीच वरच्यावर घट्ट होऊन चिकट राहते, आणि त्यावर लू बरोबर आलेली धूळ बसते. दिवाळीला दारे-खिडक्या रंगवायच्या असल्या तरी नुसते पुसून, तोरण लावून सण साजरा करावा आणि काम तुळशीच्या लग्नानंतर काढावे.

आता प्रश्न राहतो लावायचे काय. उभ्या लाकडाला, विशेषतः छपराखालच्या दारांना आणि खांबांना, ऑइल पेंट किंवा चांगले बाहेरचे वॉर्निश चालते. आडव्या लाकडाला थराचे काहीही लावू नये. पारदर्शक वॉर्निशमधून अतिनील किरण आरपार जातात, थराखालचे लिग्निन फुटते आणि थर वरून शाबूत असतानाच खालून सुटतो. मग पुढच्या वेळी पुन्हा सगळे खरवडणे आले. तेलाला हा त्रास नाही. ते झिजत जाते, सोलून निघत नाही, आणि पुन्हा लावताना खरवडावे लागत नाही.

तेलांमध्ये जुने आणि परिचित म्हणजे जवसाचे. मध्य प्रदेशात जवस भरपूर पिकतो. त्याचे कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा जाडसर पदार्थ बनतो, यालाच तेल वाळणे म्हणतात. वाळवणारी द्रव्ये घालून ते लवकर वाळेल असे केलेले तेल सुतारांच्या बोलण्यात बेलतेल म्हणून प्रसिद्ध आहे. बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे मिसळून पहिला हात, मग टर्पेंटाइन कमी करत पुढचे दोन, ही जुनी कृती दारांना उत्तम लागू पडते. पण पावसात उघडी राहणारी फळी नुसत्या जवसाच्या तेलावर सोपवणे चूक आहे. बुरशीला हे तेल आवडते आणि श्रावणात फळी काळी पडते. शिवाय त्यात किरण अडवणारे काही नसते. म्हणून डेकला बुरशीनाशक आणि रंगद्रव्य दोन्ही असलेले तयार तेल किंवा स्टेन घ्यावे. रंगद्रव्य हे नुसते दिसण्यासाठी नसते. लोखंडाच्या ऑक्साइडचे तपकिरी-तांबडे कण किरणांना अडवतात. हीच गेरूची जात. अगदी फिकट स्टेन लवकर उडतो, अगदी गडद स्टेनखाली फळी उन्हात तापून चटके बसतात. मधला साग-रंगी तपकिरी माळव्याला बरा.

लावताना चूक बहुधा जास्त लावण्याची होते. ब्रशने किंवा चिंधीने पातळ हात द्यायचा, दोन-तीन फळ्या पूर्ण लांबीभर एकदम घ्यायच्या म्हणजे मध्येच सांध्याचा गडद पट्टा पडत नाही. पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यायचे आणि जे वर तरंगते ते पुसून काढायचे. पुसले नाही तर ते चिकट थर होऊन बसते आणि त्यावर धुळीबरोबर कुत्र्याचे केसही चिकटतात. फळीची टोके विसरली जातात, आणि पाणी सर्वांत जास्त शिरते ते टोकांतूनच. टोकांना पुरेसे मुरेपर्यंत तीन-चार वेळा पाजावे. एक लिटर तेल साधारण आठ ते बारा चौरस मीटर जागेला पुरते, पण जुनी, तहानलेली फळी पहिल्या हाताला त्याहून जास्त पिते.

तेलाच्या चिंध्यांबाबत खास काळजी घ्यावी लागते. तेल वाळताना उष्णता सुटते. पसरलेल्या चिंधीतून ती उडून जाते, पण चुरगाळून एकत्र टाकलेल्या चिंध्यांच्या ढिगात ती साठत जाते आणि काही तासांत ढीग आपोआप पेट घेतो. हा कपोलकल्पित धोका नाही, अशा आगी सुतारकामाच्या शाळांत आणि घरांत नेहमी लागतात. चिंध्या एकएक करून उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

काही न लावण्याचाही एक मार्ग आहे, आणि तो आळशी माणसाने शोधलेला नाही. जहाजांच्या सागवानी डेकवर वॉर्निश लावत नसत. मऊ वालुकाश्माच्या दगडाने, वाळूने आणि समुद्राच्या पाण्याने तो रोज घासत, आणि तो चंदेरी पांढरा होऊन खडबडीत राही, त्यावर पाय घसरत नसे. कोकणातल्या होड्यांना माशाचे तेल फासतात त्यामागेही सोलून न निघणारे संरक्षण हाच विचार आहे. महूच्या डेकसाठीही सागाची फळी नुसती राखाडी होऊ देणे चालते. मात्र मग पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी शेवाळ घासून काढावे लागते. नाहीतर ऑगस्टमध्ये ओल्या फळीवर घसरून हाड मोडायचे.

तेल लावलेल्या डेकचा पुढचा खर्च फारसा नसतो. फळ्यांमधल्या फटी पाच-सहा मिलिमीटरच्या हव्यात. त्यांत साठलेली कडुनिंबाची पाने आणि माती मे अखेर सळीच्या टोकाने किंवा जुन्या सुरीने काढून टाकायची, म्हणजे पावसाचे पाणी खाली जाते आणि खालून वारा खेळतो. डेकखाली लाकडे, गोण्या, मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील तर त्या आधी हलवायच्या. तिथेच वाळवी बस्तान मांडते. जूनच्या पहिल्या सरींआधी फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहायचे. ते गोळे झाले तर काही करायचे नाही. मुरू लागले तर ती जागा ध्यानात ठेवायची, आणि पाऊस ओसरून फळी पुन्हा वाळल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तेवढ्याच भागाला ८० नंबरचा पेपर हलका फिरवून तेलाचा एक हात द्यायचा. ये-जा जिथे जास्त, म्हणजे पायरीजवळ आणि दाराच्या समोर, तिथे हे दरवर्षी करावे लागते. भिंतीलगतच्या सावलीतल्या फळ्यांना तीन वर्षांतून एकदा पुरते.